उसाचे ऊतिसंवर्धन : फुटवे किती आणि कसे?

मागच्या पावसाळ्यात माध्यमिक शाळांमधील विज्ञान शिक्षकांचा एक गट आमची प्रयोगशाळा पाहायला आला होता. वाढकक्षातील फडताळांवर काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक बाटलीत बोटभर उंचीच्या उसाचे एक हिरवेगार बेट असते. हे दृश्य पाहुण्यांना नेहमीच आवडते. सगळे पाहून झाल्यावर एका बाईंनी विचारले, "फुटवे यावेत म्हणून तुम्ही या माध्यमात संजीवक घालता. मग ते थोडे जास्त घातले तर फुटवेही जास्त नाही का येणार?" आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, "येतात की, बाई. एका वर्षी आम्ही नेमके तेच केले होते." पुढची हकिगत सांगायला त्या दिवशी वेळ उरला नाही. ती आता सांगत आहोत. पण त्यासाठी थोडे मागे जाऊन सुरुवात करावी लागेल.

बी असताना बेणे कशाला?

उसाला तुरा येतो आणि त्यात बीही धरते. तरीही कोणी शेतकरी बी पेरून ऊस लावत नाही. आजच्या लागवडीखालील जाती अनेक संकरांतून तयार झालेल्या आहेत आणि त्यांच्या एकेका पेशीत साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. अशा उसाच्या बियांपासून झालेली रोपे एकमेकांसारखी नसतात आणि मूळ उसासारखीही नसतात. नवी जात शोधणाऱ्या पैदासकाराला हे वैविध्य हवेच असते. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून हेच काम करीत आली आहे. शेतकऱ्याला मात्र निवडलेली जात जशीच्या तशी हवी असते. म्हणून तो उसाची टिपरी करून लावतो. टिपरीवरच्या डोळ्यातून निघणारा ऊस मूळ उसाचाच तुकडा असतो. या अर्थाने को ८६०३२ जातीची सगळी शेते म्हणजे एकाच रोपाचा विस्तार आहे.

या पद्धतीत दोन अडचणी आहेत. पहिली वेगाची. तीन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर एका हेक्टरला सहा ते आठ टन बेणे लागते आणि एका हेक्टरच्या बेणेमळ्यातून वर्षाला जेमतेम दहा हेक्टरची लागवड होते. त्यामुळे नवी जात गावोगाव पोहोचायला वर्षे लागतात. दुसरी अडचण रोगांची. मोझॅकचा विषाणू, गवताळ वाढ या रोगाचे फायटोप्लाझ्मा, खोडवा खुजा करणारे जिवाणू हे सगळे टिपरीतूनच पुढच्या पिकात जातात. बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवले तर यांतील काही रोगांना आळा बसतो. मोझॅकला मात्र हा उपाय पुरा पडत नाही.

या दोन्ही अडचणींवर एकत्र उपाय म्हणून ऊतिसंवर्धनाकडे पाहिले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७०च्या दशकातच उसाच्या अग्रभागापासून मोझॅकमुक्त रोपे वाढवण्याचे काम झाले होते. आज मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्था बेणेमळ्यांसाठी अशी रोपे पुरवतात.

शेंड्याच्या आतला बिंदू

निरोगी उसाचा शेंडा घेऊन त्याची पाने आणि पानांचे देठकोष एकेक करून सोलत गेले की शेवटी आत एक पांढरा, मऊ कोंब राहतो. त्याच्या अगदी टोकाला असलेली विभाजी ऊती सतत नव्या पेशी तयार करीत असते. रस वाहून नेणाऱ्या नलिका अजून तिथवर पोहोचलेल्या नसतात. विषाणू आणि फायटोप्लाझ्मा यांचा दूरचा प्रवास या नलिकांतूनच होत असल्याने टोकाचा भाग बहुधा रोगमुक्त असतो. अर्धा मिलिमीटरचा तुकडा घेतला तर तो स्वच्छ असण्याची शक्यता जास्त, पण जगण्याची कमी. चार-पाच मिलिमीटरचा घेतला तर तो सहज जगतो, पण त्याच्याबरोबर रोगही येऊ शकतो. म्हणून तुकडा कितीही लहान घेतला तरी त्यापासून मिळालेल्या रोपांची रोगतपासणी टाळता येत नाही.

हा तुकडा निर्जंतुक माध्यमावर ठेवतात. जगभर बहुतेक ठिकाणी वापरले जाते ते मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी तयार केलेले माध्यम. त्यात नत्र, पालाश, स्फुरद, लोह इत्यादींचे क्षार, काही जीवनसत्त्वे आणि लिटरला ३० ग्रॅम साखर असते. उसाच्या रोपट्याला साखर घालावी लागते याची पाहुण्यांना गंमत वाटते. पण त्याला कारण आहे. बंद बाटलीतला कार्बन डायऑक्साइड दिवे लागल्यावर थोड्याच तासांत संपत येतो. त्यामुळे प्रकाश असूनही रोपाला स्वतःचे अन्न पुरेसे तयार करता येत नाही. माध्यमाचा सामू ५.८ च्या आसपास ठेवतात आणि ते १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे निर्जंतुक करतात. शाळेत हे प्रेशर कुकरच्या उदाहरणाने सांगता येईल, कारण तत्त्व तेच आहे.

डोळा झोपलेला का राहतो?

उभ्या उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, पण शेंडा शाबूत असेपर्यंत हे डोळे सहसा फुटत नाहीत. शेंडा मोडला की वरचे डोळे लगेच फुटू लागतात. तुळशीचा शेंडा खुडला की ती डेरेदार होते, तसाच हा प्रकार. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संजीवक खाली उतरत जाते आणि त्याच्या प्रभावामुळे खालचे डोळे दबून राहतात. याच्या उलट काम सायटोकायनिन गटातील संजीवके करतात. त्यांच्यामुळे दबलेले डोळे जागे होतात.

या गटातील पहिले संजीवक, कायनेटिन, १९५५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडले आणि तेही हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएच्या उष्णता दिलेल्या नमुन्यात. त्यानंतर १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. माध्यमात ऑक्झिनच्या तुलनेत सायटोकायनिन जास्त असेल तर फुटवे येतात, कमी असेल तर मुळे येतात आणि दोन्हींचा तोल मधोमध असेल तर ऊतीचा नुसता गोळा वाढतो. या गोळ्याला कॅलस म्हणतात. म्हणजे कोणतेही एक संजीवक ‘फुटव्यांचे औषध’ नसते. दोघांचे परस्परप्रमाण महत्त्वाचे असते. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

चौपट मात्रेची हकिगत

त्या वर्षी रोपांची मागणी फार होती आणि लागवडीचा हंगाम जवळ आला होता. आमच्या नेहमीच्या माध्यमात लिटरला एक मिलिग्रॅम बेन्झिल अमिनो प्युरिन असे. हे एक कृत्रिम सायटोकायनिन असून त्याला थोडक्यात बीएपी म्हणतात. आम्ही त्याची मात्रा चार मिलिग्रॅम केली. तीन आठवड्यांत बाटल्या गच्च भरल्या. मोजणीच्या वहीत फुटव्यांचे आकडे इतके चांगले दिसू लागले की दोन फेऱ्या आम्ही कोणतीही शंका न घेता त्याच माध्यमावर काढल्या.

तिसऱ्या फेरीत नीट पाहिले तेव्हा फुटवे आखूड झालेले होते. पाने जाड, ठिसूळ आणि काचेसारखी अर्धपारदर्शक दिसत होती. मुळांच्या माध्यमात हलवल्यावर पुष्कळ फुटव्यांना मुळेच फुटली नाहीत, कारण ऊतीत साठलेले सायटोकायनिन मुळांच्या आड येत होते. ज्यांना मुळे आली ती रोपे ट्रेमध्ये लावली, तर पहिल्या आठवड्यातच बहुतेक माना टाकून बसली. अशा काचाळ रोपांच्या पेशी पाण्याने फुगलेल्या असतात, पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. बाटलीच्या दमट हवेत हे खपून जाते. बाहेर आल्यावर पानातले पाणी उडून जाते आणि रोप सुकते. ज्यांना आम्ही तारीख दिली होती त्या शेतकऱ्यांना आम्हाला नकार कळवावा लागला. त्यांनी जमीन तयार करून ठेवलेली होती.

गवताळ वाढीचा रोग झालेले उसाचे बेट ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तिथेही बारीक, पांढुरके फुटवे गवतासारखे असंख्य येतात, पण त्यांचा ऊस होत नाही. शेतात जे रोग घडवतो, तसेच काहीसे आम्ही बाटलीत स्वतःच्या हाताने घडवून आणले होते.

मोजायचे काय?

चूक मात्रेची होती, तशीच मोजणीचीही होती. आमच्या वहीत ‘बाटलीतील फुटवे’ असा एकच रकाना होता. तिथे आम्ही तीन रकाने केले. पहिल्यात एकूण फुटवे, दुसऱ्यात तीन सेंटिमीटरपेक्षा उंच फुटवे आणि तिसऱ्यात ट्रेमध्ये सहा आठवडे जगलेली रोपे. कोणताही बदल चांगला की वाईट हे यापुढे तिसऱ्या रकान्यावरून ठरवायचे, असे आम्ही ठरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी काही बाटल्या जुन्या माध्यमावर तुलनेसाठी ठेवायच्या, हा नियमही केला. तुलनेच्या बाटल्या नसतील तर सुधारणा आपल्या बदलामुळे झाली की वाढकक्षाचे तापमान त्या आठवड्यात नीट राहिल्यामुळे झाली, हे सांगता येत नाही.

असे करीत गेल्यावर जे उपयोगी ठरले ते पुढे देत आहोत.

संजीवकांचा तोल. बीएपी अर्ध्या मिलिग्रॅमवर आणले आणि जोडीला तेवढेच कायनेटिन दिले. एकूण फुटवे कमी झाले, उंच फुटवे वाढले. मुळांच्या माध्यमात नेण्याआधीची एक फेरी सायटोकायनिन आणखी कमी करून थोड्या जिबरेलिक आम्लासह दिली, म्हणजे आखूड फुटव्यांना उंची मिळते.

बेटाचा आकार. पूर्वी घाईत आम्ही फुटवे सुटे सुटे करीत असू. उसाचा एकटा फुटवा नव्या माध्यमात गेला की त्याची वाढ मंदावते आणि पुष्कळदा तो मरतो. तीन-चार फुटव्यांचा झुबका ठेवला तर तो लवकर सावरतो. ज्यांनी घरी गवती चहाचे ठोंब वेगळे करून लावले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

द्रवरूप माध्यम. अगर घातलेल्या घट्ट माध्यमापेक्षा उसाचे फुटवे द्रवरूप माध्यमात जोमाने वाढतात, कारण अन्न सर्व बाजूंनी मिळते. पण ते त्यात बुडून राहिले तर हवा कमी पडते आणि पुन्हा काचाळपणा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे गाळणकागदाची घडी घालून तिचा पूल करणे आणि फुटवे त्यावर ठेवणे. दुसरा उपाय अधिक यांत्रिक आहे. दिवसातून काही वेळा थोड्या मिनिटांसाठी माध्यम फुटव्यांवर चढवायचे आणि पुन्हा उतरवायचे. क्यूबातील संशोधकांनी १९९८ मध्ये उसासाठी ही पद्धत प्रसिद्ध केली.

माध्यम बदलण्याची वेळ. कापलेल्या ऊतीतून फिनॉल गटातील द्रव्ये पाझरतात आणि माध्यम तपकिरी होते. कापलेले सफरचंद काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. सुरुवातीच्या दिवसांत तुकडा वरचेवर नव्या माध्यमात हलवणे हाच यावर खात्रीचा उपाय. पुढच्या फेऱ्यांतही दोन ते तीन आठवड्यांपलीकडे थांबू नये. तोवर साखर आणि नत्र कमी झालेले असते, आणि फुटवे अमोनियम शोषून घेत असताना माध्यमाची आम्लताही बदललेली असते.

प्रकाश, तापमान आणि हवा. दिवसाला सोळा तास प्रकाश आणि पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान उसाला मानवते. बाटलीला पूर्ण हवाबंद झाकण न लावता जंतू अडवणारे पण हवा जाऊ देणारे बूच लावले तर पाने अधिक कणखर होतात.

यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. प्रत्येकीमुळे होणारी सुधारणाही लहानच होती. पण फुटव्यांच्या बाबतीत लहान सुधारणा फार दूरवर पोहोचते. ती कशी, हे साध्या गुणाकाराने दिसेल.

गुणाकार दोन्हीकडे चालतो

एका फुटव्यापासून दर फेरीला तीन फुटवे मिळाले, तर आठ फेऱ्यांनंतर ६,५६१ फुटवे होतील. तेच चार मिळाले तर ६५,५३६ आणि पाच मिळाले तर ३,९०,६२५. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग आणि मर वजा जाता आकडे बरेच कमी येतात. पण तीनाचे चार झाले की आठ फेऱ्यांनंतरचे उत्पादन जवळजवळ दसपट होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हाच गुणाकार चुकीलाही लागू आहे. समजा, पहिल्या फेरीनंतर हाती आलेल्या चार फुटव्यांपैकी एकात काही आनुवंशिक बदल झाला. तर शेवटच्या ६५,५३६ रोपांपैकी १६,३८४, म्हणजे पाव भाग रोपे मूळ जातीची असणार नाहीत. तोच बदल शेवटच्या फेरीत एका फुटव्यात झाला तर फक्त एक रोप बिघडेल.

असा बदल कल्पनेतला नाही. हवाईमध्ये हाइन्झ आणि मी या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये उसाच्या कॅलसपासून पूर्ण रोपे तयार केली. अशा रोपांत गुणसूत्रांच्या संख्येतही फरक आढळले. ऊतिसंवर्धनातून येणाऱ्या या वैविध्याला लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये नाव दिले आणि तेव्हापासून नव्या जातींच्या शोधात त्याचा मुद्दाम उपयोग होऊ लागला. बेण्यासाठी मात्र ते नको असते. म्हणून बेण्याची रोपे करताना कॅलसचा मार्ग टाळतात, शेंड्यापासून सुरुवात करतात, संजीवकांच्या मात्रा कमी ठेवतात आणि साधारण आठ-दहा फेऱ्यांनंतर ती साखळी थांबवून पुन्हा नवा शेंडा घेतात. मागणी असताना जोमाने वाढणाऱ्या बाटल्या बाजूला सारणे जिवावर येते. पण त्या बाटलीतले एक रोप बेणेमळ्यात जाते, त्याची टिपरी दुसऱ्याच्या शेतात जाते आणि तिथला खोडवाही त्याच रोपाचा असतो. बाटलीकडे पाहून शेतकऱ्याला यातले काहीही कळण्याचा मार्ग नसतो. तो आमच्या शब्दावर रोप नेतो.

शेतकरी आणखी एक तक्रार करतात. ऊतिसंवर्धित रोपांना पहिल्या वर्षी फुटवे जास्त येतात आणि ऊस बारीक निघतो. ही तक्रार खरी आहे. मात्र हा आनुवंशिक बदल नसतो. बाटलीतील संजीवकांचा परिणाम काही काळ टिकून राहतो, असे याचे कारण मानले जाते. त्याच उसाची टिपरी करून पुढचे पीक घेतले की जाडी पूर्ववत होते. म्हणूनही ही रोपे थेट कारखान्याच्या उसासाठी न लावता बेणेमळ्यात लावावीत, असे सांगितले जाते.

वर्गात काय करता येईल?

ऊतिसंवर्धनाची निर्जंतुक सोय शाळेत होणे अवघड आहे, पण त्यामागचे तत्त्व उसाच्याच साहाय्याने दाखवता येते. आठ-दहा महिन्यांचे, शेंडा असलेले सारख्या जाडीचे तीन ऊस मिळवावेत. डोळ्यांना इजा न करता पाचट काढावे. पहिला ऊस शेंड्यासह, दुसरा फक्त शेंडा छाटून आणि तिसरा एकेका डोळ्याच्या टिपऱ्या करून ओलसर मातीत आडवा पुरावा. माती ओली राहील, पण पाणी साचणार नाही, असे पाहावे. कडक थंडीचे दिवस टाळावेत. दोन ते तीन आठवडे रोज कोणत्या उसाचा कितवा डोळा फुटला याची नोंद मुलांनी करावी. पहिल्या उसात डोळे दबलेले, दुसऱ्यात शेंड्याकडचे डोळे पुढे आणि तिसऱ्यात जवळजवळ सगळेच जागे, असे चित्र सहसा दिसते. टिपऱ्यांवर वरून खाली क्रमांक घातले असतील तर बुडख्याकडच्या टिपऱ्या उशिरा फुटतात हेही दिसेल.

नोंदी पूर्ण झाल्यावर मुलांना विचारावे की यांतील कोणता ऊस ‘चांगला फुटला’. बहुतेक मुले फुटलेल्या डोळ्यांची संख्या सांगतील. तेव्हा कोंब महिनाभर तसेच वाढू द्यावेत, त्यांची उंची आणि मुळे पाहावीत, किती जगले ते मोजावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. काही मुलांचे उत्तर बदलेल. का बदलले, हे त्यांनाच सांगू द्यावे. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी हा प्रयोग आपल्या वर्गात केला तर मुलांच्या नोंदवह्या पाहायला आम्हाला आवडेल.